कोजागिरीला ‘गाणे ओळखा’ : चाळीस माणसांचा खेळ कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला साधारण चाळीस माणसे जमणार आहेत आणि त्यांची वये आठपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत आहेत. गेल्या वर्षी भेंड्या लावल्या तेव्हा चार-पाच जणच गात राहिले आणि बाकीच्यांनी मोबाइल काढले. यंदा ‘गाणे ओळखा’ घ्यायचे ठरले आहे, तर गाणी कशी निवडावीत, तुकडे कसे कापावेत आणि खेळ किती वेळ चालवावा? गेली अठरा-एकोणीस वर्षे मी हळदीकुंकवापासून डोहाळजेवणापर्यंत आणि गणेशोत्सवाच्या मांडवापासून सहलीच्या बसपर्यंत हा खेळ घेत आलो आहे. त्यात बरेच फसलेही आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी भेंड्या का फसल्या ते पाहू, कारण तीच चूक नव्या खेळातही शिरू शकते. भेंड्यांत माणसाला अक्षरावरून गाणे आठवावे लागते, आणि तेही समोरचे दहा आकडे मोजत असताना. ज्याच्या डोक्यात गाण्यांचा साठा मुखड्यांच्या अकारविल्हे लावलेला आहे, तोच तिथे टिकतो. अशी माणसे कोणत्याही चाळीसांत चार-पाचच असतात. त्यातून हिंदी गाण्यांच्या ओळी ‘है’वर संपण्याची खोड इतकी जुनी आहे की अर्धा तास झाला की सगळा गट ‘ह’वर येऊन अडकतो आणि ‘ह’ची गाणी पाठ असलेल्या एकाच काकूंवर सगळी मदार राहते. गाणे ओळखणे ही मात्र वेगळी क्रिया आहे. तिथे गाणे आपल्याकडे चालत येते आणि आपण फक्त ‘अरे, हे तर...’ म्हणायचे असते. ज्यांना एक ओळही सुरात म्हणता येत नाही तेही हे करू शकतात, आणि माझ्या अनुभवात बहुधा तेच जास्त चांगले करतात.

माणसाचा कान याबाबतीत किती तयार असतो याचा अंदाज सहसा नसतो. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रमहॅन्सल यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना लोकप्रिय गाण्यांचे अवघे ४०० मिलिसेकंदांचे, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही लहान, तुकडे ऐकवले होते. तरी चौथाईहून अधिक वेळा त्यांनी गाण्याचे नाव आणि गायक दोन्ही सांगितले. ज्यांना नाव सांगता आले नाही त्यांनाही गाणे कोणत्या दशकातले असावे याचा बऱ्यापैकी अंदाज होता. ही दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण गुण देण्याची माझी सारी पद्धत तिच्यावर उभी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मात्र याच्या उलट बाजूचा एक प्रयोग आहे आणि तो मला प्रत्येक प्रश्न काढणाऱ्याच्या कपाळावर लिहून ठेवावासा वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितला आणि समोरच्याने ते गाणे ओळखायचे होते. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे, शब्द, वाद्ये, सगळे चालू असते आणि समोरच्याच्या कानावर फक्त टकटक पडते. प्रश्न काढणारा माणूस नेहमी या टकटक करणाऱ्याच्या जागी असतो. तुकडा कापताना त्याने ते गाणे वीस वेळा ऐकलेले असते, म्हणून त्याला ते सोपे वाटते. आणि सोपे वाटले की तो आणखी अवघड करायला जातो.

माझा पहिला कार्यक्रम असाच बुडाला होता. माझ्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिकांचा बरा संग्रह होता, त्याचा अभिमानही होता, आणि मी वेचून वेचून अशी बत्तीस गाणी काढली होती की ती ऐकून जाणकारांनी मान डोलवावी. सभागृहात जाणकार दोन होते. बाकीचे साठ जण पहिल्या दहा मिनिटांनंतर वड्याच्या टेबलाकडे पाहू लागले. तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. दहा प्रश्नांपैकी सात प्रश्नांचे उत्तर कोणत्या ना कोणत्या गटाकडून आलेच पाहिजे, दोन अडून मग सुटले पाहिजेत, आणि एखादाच कोणालाही येऊ नये. खेळ ओळखता येण्याचा आहे. न ओळखलेले गाणे म्हणजे सभेतली दीड मिनिटाची शांतता, आणि अशा तीन शांतता लागोपाठ आल्या की मोबाइल बाहेर निघतात.

आता गाण्यांची निवड. माणसाला सर्वांत घट्ट आठवतात ती साधारण दहा ते पंचवीस या वयात कानावर पडलेली गाणी. त्यामुळे आधी येणाऱ्या माणसांची वये कागदावर मांडावीत आणि त्यांतून वर्षे काढावीत. आज जे पंच्याहत्तरीत आहेत त्यांची गाणी साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. पन्नाशीतल्यांची ऐंशीच्या दशकाच्या अखेरची आणि नव्वदच्या दशकातली, पस्तिशीतल्यांची २००० ते २०१५ची. मुलांसाठी गेल्या चार-पाच वर्षांतले काही घ्यावे लागते आणि ते आपल्याला येत नसते, म्हणून सोसायटीतल्याच एखाद्या अकरावी-बारावीतल्या मुलीला सहा गाणी निवडायला सांगावीत. तिची निवड तुम्हाला आवडली नाही तरी बदलू नये. शिवाय मुलांना आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या काळातली गाणीही बरीच येतात, कारण ती गाडीत आणि स्वयंपाकघरात ऐकलेली असतात. क्रमहॅन्सल यांनीच पुढे दाखवले आहे की तरुणांच्या स्मरणात पालकांच्या तारुण्यातल्या गाण्यांचीही एक वेगळी दाट जागा असते. एका हळदीकुंकवाला नऊ वर्षांच्या एका मुलाने माउथ ऑर्गनचे पहिले चार सूर ऐकताच ‘है अपना दिल तो आवारा’ असे ओरडून सांगितले आणि त्याची आजी सर्वांकडे अशा नजरेने पाहू लागली की जणू गाणे तिनेच बांधले होते. १९५८च्या ‘सोलवा साल’मधल्या या गाण्यात तो माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला आहे, हे मी त्यानंतर सांगितले, पण आजीच्या चेहऱ्यापुढे ती माहिती फिकी पडली.

मराठी आणि हिंदी यांचे प्रमाण गट पाहून ठरवावे. महाराष्ट्रातल्या सोसायटीत मी निम्मे-निम्मे धरतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत मराठी गाणी जास्त लागतात, कारण लोक त्यासाठीच आलेले असतात. मात्र तिथल्या मुलांना चाल येते आणि शब्द येत नाहीत, म्हणून त्यांना नुसते गुणगुणून दाखवण्याची मुभा द्यावी. भक्तिगीते आणि आरत्या यांचा मोह टाळावा. त्या सर्वांना येतात, पहिल्या सुराला चाळीस हात वर होतात, आणि मग कोणाचा हात आधी होता यावर वाद सुरू होतो.

यादी तयार झाली की ती दोन माणसांवर तपासावी, आणि ही दोन माणसे तुमच्याहून कमी गाणी ऐकणारी असावीत. मी हे काम माझ्या मेव्हण्याकडून करून घेतो. त्याला जे गाणे पंधरा सेकंदांत येत नाही ते मी यादीतून काढतो किंवा त्याचा सोपा तुकडा घेतो. एवढी एक तपासणी केली तरी निम्मे काम झाले असे समजावे.

तुकडे कापणे हा या खेळातला खरा कसबाचा भाग आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. गाण्यात वाद्यांचे साधारण तीन तुकडे असतात : मुखड्याआधीचा, पहिल्या अंतऱ्याआधीचा आणि दुसऱ्या अंतऱ्याआधीचा. सुरुवातीचा तुकडा सर्वांत सोपा, कारण तो गाण्याचा दरवाजाच असतो. अंतऱ्याआधीचा अवघड, कारण तो आपण हजार वेळा ऐकलेला असतो, पण त्याकडे लक्ष दिलेले नसते. हे मधले वाद्यसंगीत उभे करण्यात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीत संयोजकांचा, ज्यांना तिथे अरेंजर म्हणतात त्यांचा, मोठा वाटा होता. त्यांतले कितीतरी जण गोव्याचे होते, चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी काम केलेले सेबॅस्टियन डिसूझा त्यांतले एक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरे. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचे नाव गाजले. आपल्या खेळात ज्या तुकड्यावर लोक टाळ्या वाजवतात तो बहुधा अशा माणसांच्या हातचा असतो आणि पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच ठळक दिसते. उत्तर आल्यावर अशी एखादी ओळ सांगितली तर लोकांना आवडते. दोन ओळी सांगितल्या तर व्याख्यान होते.

काही गाण्यांचा तुकडा वाद्याचा नसून आवाजाचा असतो आणि तो नवख्या गटासाठी उत्तम. १९७३च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया है’च्या सुरुवातीची काचेची किणकिण ऐकवून पाहावी, दोन सेकंदांत किमान तीन गटांचे हात वर जातात. ‘शोले’तल्या ‘मेहबूबा’च्या आधी बाटलीच्या तोंडावर फुंकून काढलेला आवाजही तसाच. १९५४च्या ‘नागिन’मधली पुंगी तर हमखास ओळखली जाते, आणि मग सांगावे की ती पुंगी नव्हेच. कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून तो आवाज काढला होता. यावर गच्चीतल्या एखाद्या तरी काकांचा विश्वास बसत नाही. याउलट ‘सैराट’मधल्या ‘याड लागलं’चा लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद सुरुवातीला मोठ्यांना फसवतो, त्यांना तो एखाद्या इंग्रजी चित्रपटाचा वाटतो, आणि मुले मात्र हसत असतात.

प्रत्यक्ष कापणी अशी करावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे. प्रत्येक गाण्यातून दहा ते पंधरा सेकंदांचा तुकडा काढावा, आवाज सुरू होण्याच्या अगोदर अर्धा श्वास थांबावा, कारण गायकाचा नुसता ‘ओ’ जरी ऐकू गेला तरी प्रश्न संपतो. त्याच फाइलमध्ये तुकड्यानंतर पाच सेकंद शांतता ठेवून पुढे मुखडा जोडावा, म्हणजे उत्तर आल्यावर गाणे शोधत बसावे लागत नाही आणि लोकांना लगेच गाता येते. सर्व फाइलींचा आवाज एका पातळीवर आणावा. पन्नाशीच्या दशकातले गाणे हळू आणि आजचे कानठळ्या बसवणारे असते. जुने गाणे घेताना ते मूळ ध्वनिमुद्रण आहे ना हे पाहावे. कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर नवा ठेका चढवलेल्या ‘झंकार’ आवृत्त्या निघाल्या होत्या, त्या आंतरजालावर मूळ गाण्याच्या नावाने सर्रास सापडतात आणि त्यांत सुरुवातीचा तुकडाच वेगळा असतो. फाइलींना गाण्याचे नाव देऊ नये, फक्त क्रमांक द्यावा. हे मी शिकलो तो प्रसंग असा : प्रोजेक्टर संगणकाला जोडलेला राहिला, पडद्यावर फाइलींची यादी झळकत होती, माझी पाठ पडद्याकडे होती आणि पहिल्या रांगेतल्या मुलांचा गट सलग सहा उत्तरे अचूक देत होता. मी त्यांचे कौतुकही केले.

तुकडे थेट आंतरजालावरून वाजवू नयेत. मध्येच जाहिरात येते. एकदा तर जाहिरातीतल्या संगीतावर एका गटाने हात वर करून चित्रपटाचे नाव सांगितले आणि ते बरोबर धरावे असा आग्रहही धरला. वाजवणारा फोन विमान-मोडवर असावा, आणि ब्लूटूथऐवजी तार वापरता आली तर वापरावी, कारण ब्लूटूथचा स्पीकर शांततेनंतर जागा व्हायला वेळ घेतो आणि पहिला अर्धा सेकंद खातो. आपला सगळा खेळ त्याच अर्ध्या सेकंदाचा आहे.

गट आठ-आठ जणांचे पाच करावेत आणि ते चिठ्ठ्या टाकून करावेत. ‘अ’ इमारत विरुद्ध ‘ब’ इमारत असे करू नये. पार्किंगचे जुने भांडण गाण्यांवर निघते. पुरुष विरुद्ध स्त्रिया हा प्रकार मला स्वतःला कंटाळवाणा वाटतो. प्रत्येक गटात एक तरी शाळकरी मूल आणि एक तरी साठीपुढचे माणूस आले पाहिजे, एवढे पाहून चिठ्ठ्यांत थोडी लबाडी केली तरी चालते. आणि गेल्या वर्षीच्या तक्रारीवरचा खरा उपाय हा नियम आहे : ज्याने उत्तर दिले त्याने पुढच्या दोन प्रश्नांना तोंड उघडायचे नाही, फक्त शेजाऱ्याच्या कानात सांगायचे. या एका नियमाने कानात सांगणे सुरू होते, आणि कानात सांगणे सुरू झाले की गट खऱ्या अर्थाने गट होतो. फोन एका परडीत जमा करावेत. गाणे ऐकून नाव सांगणारे शॅझमसारखे ॲप कोणाच्या खिशात असेल तर सगळे मुसळ केरात.

गुणांची पद्धत सोपी ठेवावी, पण अर्धवट उत्तराला मान असावा. नेमके गाणे सांगितले तर दहा. ते आले नाही, पण चित्रपट, गायक किंवा संगीतकार यांपैकी काही आले तर पाच. काहीच नाही, पण दशक बरोबर सांगितले तर दोन. वर म्हटल्याप्रमाणे दशकाचा अंदाज बहुतेकांना असतो, त्यामुळे कोणताही गट पूर्ण कोरडा राहत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापू नयेत. मी काही वर्षे कापत होतो आणि त्याचा परिणाम एकच झाला : ज्येष्ठ मंडळी खात्री असल्याशिवाय बोलेनाशी झाली आणि सत्तरीच्या माणसाला खात्री व्हायला दहा सेकंद जास्त लागतात. त्याचसाठी निम्म्या फेऱ्या हात वर करण्याच्या न ठेवता लिहिण्याच्या ठेवाव्यात. प्रत्येक गटाला एक पाटी आणि खडू द्यावा, तुकडा दोनदा वाजवावा, वीस सेकंद द्यावेत आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर पाचही पाट्या एकदम वर याव्यात. त्या क्षणाला जी हशा-आरोळी उठते ती कोणत्याही घंटीने येत नाही.

फेऱ्यांचे प्रकार पुष्कळ आहेत; मी माझ्या आवडीचे तीनच सांगतो. पहिला ‘गाणे नसलेले सूर’. आकाशवाणीची सकाळची धून, जी १९३०च्या दशकात वॉल्टर कॉफमन यांनी शिवरंजनी रागात बांधली, दूरदर्शनची धून, ‘आभाळमाया’सारख्या मालिकेचे शीर्षकसंगीत, जुन्या साबणा-पावडरींच्या जाहिराती, रेल्वे स्थानकावरील घोषणेआधीची घंटी आणि शेवटी प्रेशर कुकरची शिट्टी. १९८८चे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ इथे घेतले तर संगीतकाराचे नाव विचारावे. ती चाल अशोक पत्की यांची आहे हे मराठी गटांतही फार थोड्यांना ठाऊक असते. या फेरीत चाळिशी-पन्नाशीतली माणसे एकदम मुलांसारखी होतात.

दुसरा ‘जुळी चाल’. एकाच चालीची दोन गाणी असतात, त्यांतले कोणते वाजले ते सांगायचे. ‘जत्रा’मधले २००६चे ‘कोंबडी पळाली’ आणि ‘अग्निपथ’मधले २०१२चे ‘चिकनी चमेली’ ही सर्वांत ठळक जोडी, दोन्हीही अजय-अतुल यांचीच. ‘सैराट’चे ‘झिंगाट’ आणि २०१८च्या ‘धडक’मधले त्याचे हिंदी रूप ही दुसरी. इथे हमखास वाद होतो, म्हणून आधीच जाहीर करावे की जुळ्यांपैकी कोणतेही सांगितले तरी पाच गुण आणि नेमके वाजलेले सांगितले तरच दहा.

तिसरा प्रकार ‘उलटा लिलाव’, आणि त्याला पेटी वाजवणारे कोणी हवे. ‘नेम दॅट ट्यून’ हा अमेरिकेतला कार्यक्रम १९५२ साली आधी रेडिओवर आणि मग दूरचित्रवाणीवर आला. पुढे त्यात स्पर्धक ‘मी इतक्या सुरांत ओळखतो’ अशी उतरती बोली लावत. आपल्याकडेही ती छान चालते. निवेदकाने गाण्याबद्दल एक सूचक ओळ सांगावी, पहिला गट आठ सुरांवर बोली लावेल, दुसरा सहावर, तिसरा चारवर, आणि जो सर्वांत खाली जाईल त्याला तेवढेच सूर पेटीवर वाजवून दाखवावेत. गाणी निवडताना भूप या पाच सुरांच्या रागातली टाळावीत. त्या पाच सुरांत आपल्याकडे इतकी भावगीते आणि अभंग बांधलेले आहेत की पहिल्या चार सुरांवर सहा उत्तरे बरोबर ठरू शकतात आणि पेटीवाले काका स्वतःच गोंधळतात.

वेळेचा हिशेब असा धरावा की तुकडा, विचार, उत्तर आणि मग सर्वांनी मिळून मुखडा गाणे, यांत एका प्रश्नाला पावणेदोन ते दोन मिनिटे जातात. गाण्याचा तो भाग वेळ वाचवण्यासाठी कधीही कापू नये. लोक ओळखायला येत असले तरी थांबतात ते त्यासाठी. म्हणजे तीस प्रश्न पंचावन्न मिनिटे ते एक तास. त्याहून जास्त काढू नयेत, फक्त पाच सोपे प्रश्न राखीव ठेवावेत. सभा थंड पडत आहे असे वाटले की त्यांतला एक पुढे घ्यावा. सुरुवातही अशाच दोन सोप्या प्रश्नांनी करावी.

माणसे शंभराच्या पुढे असती तर मी हा प्रकार न सुचवता ‘संगीत हाऊजी’ सुचवली असती. तीस गाण्यांची यादी करायची, प्रत्येक तिकिटावर त्यांतली कोणतीही बारा नावे छापायची, आणि आकड्यांऐवजी तुकडे वाजवायचे. शंभर तिकिटे असली तर पहिले पूर्ण घर साधारण बाविसाव्या गाण्याच्या आसपास लागते, म्हणजे वेळही बरोबर बसतो. तिची अडचण एकच : ज्याला गाणे ओळखता येत नाही तो शेजारच्याच्या तिकिटात डोकावतो आणि शेजारचा तिकीट झाकून घेतो. चाळीस जणांना ती गरज नाही.

बक्षिसांवर फार खर्च करू नये. चिक्कीची पाकिटे पुरतात, आणि ती हरलेल्या गटालाही द्यावीत.

राहता राहिला कोजागिरीचा खास पेच. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही आणि दूध तर चंद्र वर आल्याशिवाय प्यायचे नसते. म्हणून स्पीकरवरच्या सगळ्या फेऱ्या साडेआठला सुरू करून पावणेदहाला संपवाव्यात आणि दहानंतर बिनआवाजाच्या घ्याव्यात. गाण्याच्या ओळींचे सरकारी मराठीत भाषांतर करून अगदी कोरड्या स्वरात वाचावे : ‘आपण अर्जदाराचे हृदय यापूर्वीच चोरून नेले असल्याने आता नजर चोरू नये, ही विनंती.’ गटाने गाणे ओळखायचे. अशा आठ-दहा ओळी आधी लिहून ठेवाव्यात, ऐनवेळी सुचत नाहीत. त्यानंतर न्यूटनबाईंचा प्रयोग गच्चीच्या कठड्यावर करावा. सर्वांत आत्मविश्वास असलेल्या माणसाला पुढे बोलवावे, दहा गाण्यांची चिठ्ठी हातात द्यावी, किती ओळखली जातील असे त्याला आधी विचारून ते पाटीवर लिहावे आणि मग त्याला बोटांनी ठेका धरायला लावावा. लावणीचा ठेका धरला तर ती लावणी आहे एवढे सर्वांना कळते, पण कोणती ते कोणालाच सांगता येत नाही. गेल्या कोजागिरीला एका गृहस्थांनी पाटीवर आठ लिहिले होते. एक ओळखले गेले, तेही त्यांच्या पत्नीकडून, आणि ते गाणे ते रोज अंघोळीला जाताना बादलीवर वाजवतात असे तिने सांगितले. दूध तोपर्यंत उतू गेले होते.